वरचं वळण

“हा पण नाही?” पिंकीनं विचारलं.

मी हात वर करून तिला थांबवलं. हेडफोनची डावी वाटी कानाला होती, उजवी कानामागे सरकवलेली. कानात खरखर चालू होती, जुन्या रेडिओवर स्टेशन नसताना यायची तशी, आणि त्या खरखरीतून एक पोकळ जागा हळूहळू वर चढत होती. चढली, चढली, आणि वळायच्या आधीच नाहीशी झाली. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळानं ती खाली उतरताना पुन्हा सापडली. मधल्या वेळात ती कुठे होती ते मला कळलं नाही.

“नाही,” मी म्हणालो. “याचं वरचं वळणच लागत नाही.”

“आज कुणालाच वळण नाय म्हणायचं. आमच्या आयुषचे भाऊबंद सगळे.” आयुष तिचा धाकटा भाऊ. तिच्या बोलण्यात तो दिवसातून अनेकदा यायचा आणि प्रत्येक वेळी शिव्या खायचा.

“ट्रान्झिस्टर खराब आलेत,” मी म्हणालो. खरं तर ‘आले असावेत’ म्हणायला हवं होतं. एरवी मी तसंच बोलतो.

छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी पेटीच्या मागचा ट्रिमर किंचित डावीकडे फिरवला. ट्रिमर म्हणजे मधोमध खाच असलेली बारीकशी चकती. ती फिरवली की त्या पोकळ जागेचा सगळा प्रवास खाली नाहीतर वर सरकतो. अजून किंचित फिरवला. आता ती वर गेली, वळली, आणि वळताना ऐकू आली. मी मान हलवली. पिंकीनं लाल नेलपॉलिशची बाटली पुढे केली. चकतीवर एक थेंब टाकला की ती जागची हलत नाही, पार्सल विमानात आपटलं तरी. हा थेंब टाकायचा मान माझा होता. थेंब पडला की नग पास. मग त्याला कोणी हात लावायचा नाही, असा मनालीनं नियमच करून ठेवला होता.

मनालीचं वर्कशॉप नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत, एका टायरच्या दुकानाच्या वर आहे. तिथे ती मॉड्यूलर सिंथेसायझरची एक पेटी बनवते. ते वाद्य मी तिच्याकडे येईपर्यंत पाहिलं नव्हतं. त्याला पट्ट्या नसतात. एका लाकडी चौकटीत शेजारीशेजारी छोट्या पेट्या बसवलेल्या असतात. एक पेटी आवाज निर्माण करते, दुसरी तो कापते, तिसरी लांबवते, आणि वाजवणारा त्या रंगीत वायरींनी हव्या तशा जोडत बसतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखं दिसतं ते. मनालीची पेटी म्हणजे फेज शिफ्टर. तिचे नग बंगळुरूला जातात, बर्लिनला जातात. नाशिकमध्ये एकही विकला गेल्याचं मला माहीत नाही.

मी एका कॉलेजच्या फिजिक्स विभागात लॅब असिस्टंट होतो आणि मनाली तिथली विद्यार्थिनी. अनुनाद नळीचा प्रयोग असला की मुलं मला हाक मारायची. नळीतलं पाणी खाली करत न्यायचं, वर नादकाटा धरायचा, आणि एका जागी त्याचा आवाज एकदम मोठा होतो ती जागा पकडायची. मुलांच्या हातून ती निसटायची. मला सापडायची. प्राध्यापकसुद्धा म्हणत, जयरामला विचारा. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नीट उत्तर दिलं असतं असं वाटत नाही. मी वाचतो पुष्कळ, पण वाचलेलं बोलायची वेळ आली की शंका येते, आपण चुकीचं तर वाचलं नाही ना. हॉटेलात चहात साखर कमी आहे हे सांगायच्या आधी मी पुन्हा एकदा चाखून बघतो. माझी बायको सुला म्हणते, “यांना नाव विचारलं तरी हे म्हणतील, बहुतेक जयराम.”

मी निवृत्त झाल्यावर मनाली घरी आली होती. म्हणाली, “काका, मीटर मला आकडा सांगतं. वळण बरोबर वाटतंय का, ते मला तुमच्या कानाकडून हवंय.” त्या एका वाक्याच्या आधारावर मी रोज सकाळी शर्टाला इस्त्री करून नाशिकरोडहून शेअर रिक्षात बसत होतो. ते वाक्य कोणी काढून घेतलं तर मागे काय उरेल, तिकडे मी विचार जाऊ देत नसे.

त्या दिवशी पिंकीनं हातातलं सोल्डरिंग बाजूला ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे ओढली.

“काका, एक इचारू? हसायचं नाय. इतके दिस मी हे चिकटवतेय, पण आत होतं काय ते मला अजून कळलं नाय.”

मला आनंद झाला आणि धडकीही भरली. सोपं करून सांगणं मला जमत नाही.

“तुमच्या गावाला नागपंचमीला झोके बांधतात का?”

“बांधतात की. चिंचेला.”

“समज, ओळीनं पुष्कळ झोके आहेत. कोणाची दोरी लांब, कोणाची आखूड. म्हणजे कोणी सावकाश हलतो, कोणी भरभर. आवाजात अशाच जाड-बारीक लाटा असतात. आता प्रत्येक झोक्याला ढकलायला दोन मुली. एक बरोबर वेळेवर ढकलते. दुसरी जरा उशिरा. या पेटीत तेच होतं. आलेला आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट सरळ. दुसऱ्या वाटेवर चार पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी लाटेला थोडं थोडं मागे पाडते. नुसती दुसरी वाट ऐकलीस तर तुला काही फरक कळणार नाही. पण शेवटी दोन्ही वाटा एकत्र येतात. म्हणजे दोन्ही मुली एकाच झोक्याला ढकलतात.”

“मंग?”

“मग एखाद्या झोक्याच्या बाबतीत असं होतं की पहिली त्याला पुढे ढकलते नेमकं तेव्हाच दुसरी मागे ढकलते.”

“मंग तो थांबतोच की जागच्या जागी.”

“तोच थांबतो. बाकीचे हलत राहतात. त्या एका लाटेपुरतं आवाजात भोक पडतं. आणि आत एक फार मंद लाट चालू असते, ती दुसऱ्या मुलीचा उशीर सारखा कमीजास्त करते. म्हणून थांबलेला झोका आधी हा असतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. भोक वर सरकत जातं, वळतं, खाली येतं.”

पिंकीनं समोरची पेटी उलटून पाहिली. मग म्हणाली, “पण काका, एकच झोका कायमचा थांबला तर? भोक हललंच नाय तर?”

“तर कानाला पत्ता लागत नाही. कान सवय करून घेतो. त्याला वाटतं, आवाज असाच आहे.”

“म्हंजे एक झोका मेला तरी कुणाला कळणार नाय?”

“नाही कळणार.”

“बाई गं,” ती म्हणाली, आणि अंगावर काटा आल्यासारखे दंड चोळून कामाला लागली. मला वाटलं, पहिल्यांदाच आपण काहीतरी चांगलं समजावून सांगितलं.

जानेवारीतली थंडी होती. द्वारकेला रिक्षातून उतरून चौक ओलांडावा लागतो, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी सगळीकडे खोदून ठेवलेलं. गाड्या हल्ली आवाज न करता येतात हे माझ्या लक्षात आलं होतं. डावीकडून एखादी मोटारसायकल एकदम कोपराला चाटून जायची, त्याआधी काहीच नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्यात, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या सकाळी मी रस्त्याच्या मधोमध होतो आणि कोणीतरी माझा स्वेटर मागून धरून जोरात ओढला. नाकासमोरून कांद्याचा ट्रक गेला. गोण्यांचा वास इतक्या जवळून आला की डोळ्यात पाणी आलं.

“ओ बाबा, बहिरा शे का?” ओढणारा माणूस ओरडला. सटाण्याकडचा असावा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “किती हॉर्न देतोय तो!”

मी त्याला सांगणार होतो की कानाच्या बाबतीत तरी माझ्याबद्दल असं कोणी म्हणणार नाही. पण तो कपाळाला हात लावून निघून गेला होता.

रविवारी दुपारी मी उजव्या कुशीवर झोपलो होतो. अलीकडे उजव्या कुशीवर फार छान झोप लागायची, कोणी दार लोटून घेतल्यासारखी. डोळे उघडले तेव्हा सुलाचा हात माझ्या नाकासमोर होता.

“काय करतेस?”

“श्वास बघत होते.” “अहो, कुकर झाला, खाली पोरांनी फटाके वाजवले, मी किती हाका मारल्या. मेल्यासारखे पडला होतात तुम्ही.”

“झोप लागली होती चांगली.”

“असली झोप नको मला घरात.” तिनं पदरानं माझ्या ओठाचा डावा कोपरा पुसला. “आणि चहा गळतो तुमचा इकडून. लहान पोरासारखा. कळत नाही का?”

मला कळलं नव्हतं. सुला मनमाडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. इंजिनाच्या शिट्टीत झोपणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या गाढ झोपेची भीती वाटणारच, अशी मी समजूत घातली. तिची नाही, माझीच.

सोमवारी मनाली फोन ठेवून बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. मग माझ्या टेबलाजवळ आली.

“काका, बर्लिनचा तो माणूस. त्याच्याकडे आपला जुना एक आहे आणि आता नवा गेलाय. दोन्ही शेजारी लावून बघितले त्यानं. म्हणतो, जुना आभाळापर्यंत जातो, नवा छताला अडतो.”

“ट्रान्झिस्टर,” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणालात म्हणून मी ती सगळी खेप परत पाठवली. हे दुसरीकडचे आहेत.”

“मग हेही तसलेच.”

तिनं पिंकीकडे पाहिलं. पिंकीनं मान आणखी खाली घातली, इतकी की सोल्डरचा धूर तिच्या केसांत शिरला.

“बरं,” मनाली म्हणाली. अगदी हळू म्हणाली. मनाली कधी हळू बोलत नाही. कुरिअरवाल्यांना तिचा आवाज जिन्याच्या तळापासून ऐकू जातो. त्या दिवशी घरी जाताना तो ‘बरं’ माझ्याबरोबर रिक्षात बसून आला.

बुधवारी सुलाला माहेरी मनमाडला जायचं होतं. तिला सकाळच्या गाडीत बसवून मी घरी न जाता तसाच कामावर आलो, नेहमीपेक्षा बराच लवकर. किल्ली खाली टायरवाल्याकडे असते. जिना चढताना मी भिंतीला हात लावला. जिना अलीकडे डावीकडे झुकल्यासारखा वाटायचा. जुनी इमारत आहे.

माझ्या टेबलावर कालचे नग पाठ वर करून मांडलेले होते. मी पास केलेले. खिडकीतून तिरपं ऊन त्यांच्यावर आलं होतं, आणि माझे थेंब लाल नव्हते.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चकतीच्या कडेला लाल रंगाचे खरवडलेले कण होते आणि त्यांच्यावर दुसरा थेंब, जांभळा. सगळ्या नगांवर. आणि सगळ्यांच्या खाचा एकाच दिशेला, सरळ उभ्या. मी त्या तशा ठेवल्या नव्हत्या.

प्रत्येक खेपेतला मी पास केलेला एक नग मनाली आठवण म्हणून फळीवर ठेवते. मी ते खाली काढले आणि खेपांच्या क्रमानं मांडले. त्यांच्यावर माझेच लाल थेंब होते, अस्पर्श. पहिल्यात खाच सरळ उभी. पुढच्या काहींतही. मग एकात किंचित कललेली. मग आणखी. शेवटच्यात जवळजवळ आडवी. उभा माणूस भिंतीला टेकावा, मग हळूहळू घसरत जमिनीवर निजावा, तशा दिसत होत्या त्या खाचा ओळीनं. मी खुर्चीत बसलो.

“काका! एवढ्या लवकर?” पिंकी दारात आली आणि तिथेच थांबली. तिच्या नखांचा रंग जांभळा होता.

“हे कोणी केलं?”

“ताईला इचारा.”

“रंग तुझा आहे, पिंकी.”

“मंग मला कशाला इचारता?” ती जवळजवळ खेकसली, आणि लगेच रडायला लागली. “दिवाळीपासून करतोय. तुम्ही गेले की ताई मीटर लावते, मी फिरवते. बर्लिनचा तेवढा एक घाईत तसाच गेला. मला लय वंगाळ वाटायचं काका. देवाच्या अंगावरचा शेंदूर खरवडल्यासारखं वाटायचं. आधी म्हणलं न खरवडताच फिरवून बघावं. पण नाय फिरत. पक्का टाकता तुम्ही.”

जिन्यात मनालीची पावलं वाजली. “जय भीम, काका,” ती सवयीनं म्हणाली, आणि मग तिला फळीवरचे नग टेबलावर दिसले. तिनं पर्स खाली ठेवली.

“मी सांगणार होते. ही ऑर्डर गेली की.”

“दिवाळीपासून ऑर्डरी गेल्याच असतील ना.”

तिनं ओळीतला शेवटचा नग उचलला आणि परत खाली ठेवला.

“ट्रान्झिस्टर चांगले होते?”

“चांगले होते.” तिनं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. “काका, वय झालं की वरचं कमी ऐकू येतं. सगळ्यांनाच. माझ्या आईला दाराची बेल ऐकू येत नाही. त्यात लाज कसली? तुम्हाला वळण ऐकू येईना, म्हणून तुम्ही ते खाली खाली आणत गेलात. तुमच्या कानाला जिथे लागेल तिथे. बस, एवढंच झालंय.”

“मग मला इथे बसवून का ठेवलंस?”

“तुम्ही आला नसतात तर मला करमलं नसतं.”

“हे उत्तर नाही.”

“नाही,” ती म्हणाली.

काय करावं ते सुचेना, म्हणून मी हेडफोन उचलला. हातांना काहीतरी हवं होतं. घाईत तो उलटा लागला, वाटी उजव्या कानावर बसली. समोरचा जांभळ्या थेंबाचा नग चालू केला. खरखर सुरू झाली आणि ती पोकळ जागा चढायला लागली. जिथे ती नेहमी नाहीशी व्हायची ती जागा आली, आणि गेली. ती चढतच राहिली. बारीक होत, सुईच्या टोकाएवढी होत पार वर गेली, तिथे थबकली, सावकाश वळली आणि खाली येऊ लागली. किती महिन्यांत मी ते वळण ऐकलं नव्हतं. ते इतकं वर असतं हे मी विसरूनच गेलो होतो.

मी वाटी डाव्या कानावर नेली. नाही. उजव्यावर. आहे.

“मनाली!” मी ओरडलोच. “अगं उजवा चांगला आहे! म्हातारपण नाही हे. फक्त डावा गेलाय. मी सगळे नग डाव्यानं ऐकायचो, उजवा कान मोकळा ठेवायचा, कोणी हाक मारली तर. म्हणून कळलं नाही. उजव्यानं मला पूर्ण वळण लागतंय. मी उजव्यानं काम करू शकतो!”

मला वाटलं, ती हसेल. टाळी देईल. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“फक्त डावा?” तिनं विचारलं.

“हो.”

“काका, जिन्यात तुम्ही भिंत धरून चढता. मला वाटायचं, गुडघे.”

“गुडघेच.”

“दुखतात?”

मी आठवून पाहिलं. “नाही.”

“वयाचं असतं ना, ते दोन्ही कानांना होतं,” ती सावकाश म्हणाली. “एकाच कानाला…” आणि थांबली.

“एकाच कानाला काय, ताई?” पिंकीनं विचारलं. “काय म्हणतेय मी? एकाच कानाला काय?”

मनालीनं फोन हातात घेतला होता.

मला ठाऊक होतं. मेंदूवरच्या एका पुस्तकात वाचलं होतं. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर एक गाठ येते, वाटाण्याएवढी. ती दुखत नाही. सावकाश वाढते आणि शेजारच्या नसांना रेलते. आधी एका कानातलं वरचं ऐकू येणं जातं, मग तोल, मग त्या बाजूचा ओठ. मी वाट पाहत होतो की नेहमीप्रमाणे शंका येईल, आपण चुकीचं वाचलं असेल. ती आली नाही.

मनालीच्या मैत्रिणीचा भाऊ कानाचा डॉक्टर आहे. ती त्याच्याशी बोलत होती आणि मधूनमधून फोन छातीशी धरून मला विचारत होती. ओठाला मुंग्या येतात का? कानात शिट्टी वाजते का? चहा, पाणी सांडतं का? मी प्रत्येक वेळी हो म्हणत होतो. इतक्या वेळा ठामपणे हो म्हणण्याची मला सवय नाही.

तिनं फोन ठेवला. “आज दुपारी स्कॅन करून घ्या म्हणाला. आजच. मी येते तुमच्याबरोबर. काकूंना फोन लावू?”

“ती गाडीत असेल,” मी म्हणालो. “गाडीत नको. संध्याकाळी परत येतेच आहे, तेव्हा मी सांगेन.”

खाली टायरवाला हवा भरत होता. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि त्या सगळ्या माझ्या उजव्या बाजूनंच जात होत्या, डावीकडे जग संपल्यासारखं. इतके दिवस ते तसंच होतं. आज मी तिकडे कान दिला म्हणून कळलं. मी मान वळवून पाहिलं, तर डावीकडे खिडकी होती, उघडी, आणि त्याच रस्त्यावरची.

दुपारपर्यंत वेळ होता.

“पिंकी,” मी म्हणालो, “इकडे बस. माझ्या खुर्चीवर.”

“मी? कशाला?”

“तुला कान आहेत ना?”

“हायेत. पण काका, मी धावी नापास हाय.”

“कानाला दहावी लागत नाही.”

“काका, राहू द्या आज,” मनाली म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तसाच हळू झाला होता.

“आज नको तर कधी?”

पिंकीनं डोळे पुसले, ओढणी कमरेला खोचली आणि माझ्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, कोणी ऊठ म्हणेल या बेतानं. मी हेडफोनच्या दोन्ही वाट्या तिच्या कानांवर नीट बसवल्या. माझ्यासारखं एका कानानं ऐकायचं नाही, हे तिला आधी सांगितलं. दुसरा हेडफोन त्याच नगाला जोडून मी स्टुलावर बसलो.

“आवाज शोधू नकोस,” मी म्हणालो. “त्यातली मोकळी जागा शोध.”

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग तिचे डोळे मोठे झाले. “आई गं. सापडली. पाण्याखालून कुणी चालल्यासारखी.”

“तिच्या मागोमाग जा. ती चढली की हात वर ने. वळली की खाली आण. बोलू नकोस आणि माझ्याकडे बघू नकोस. डोळे मीट हवं तर.”

तिनं डोळे मिटले. मनाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, फोन दोन्ही हातांत धरून.

मी माझ्या हेडफोनची वाटी डाव्या कानाला लावली. उजव्याला लावता आली असती. पण मला माझी जागा बघायची होती.

खालून ती सुरू झाली. पिंकीचा हात टेबलावरून उचलला गेला आणि त्याच्याबरोबर मी माझाही उचलला. दोन्ही हात बरोबरीनं चढू लागले, तिचा सोल्डरनं ठिकठिकाणी भाजलेला, माझा शिरा दिसणारा. छातीपाशी आल्यावर माझ्या कानातली खरखर नुसती खरखर उरली. मी हात तिथेच धरला. पिंकीचा हात माझ्या हाताला मागे टाकून खांद्याच्या वर गेला, मग डोक्याच्या वर, आणि मिटल्या डोळ्यांनी ती अजून चढत होती.